धैर्यवान आणि मंडळी

कमलाकांत धैर्यवानांचा सर्वनामांचा हिशेब चोख होता. काम पुढ्यात असलं की ते ‘आपण’ म्हणत, काम फत्ते होऊन कोणी गळ्यात हार घातला की ‘आम्ही’, आणि काही बिघडलं की ‘तुम्ही’. बाकी त्यांच्या व्याकरणाला कोणी बोट लावलं नसतं. ते बी.कॉम. होते आणि फोर्टातल्या एका विमा कचेरीत त्यांच्या इंग्रजी मसुद्यांना साहेबसुद्धा हात लावत नसे.

धैर्यवान हे आडनाव त्यांना पिढीजात मिळालं होतं, त्यात त्यांचा काही दोष नाही. पाठारे प्रभूंच्या या घराण्याकडे एके काळी गिरगावात जमिनी होत्या. जमिनी गेल्या, आडनाव राहिलं. कमलाकांतांच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, उरल्यासुरल्यातून बांबू आणि कनाती घेऊन मांडवाचा धंदा काढला. घर आणि कचेरी ठाकूरद्वारला, वखार लालबागला. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत पाटी: ‘धैर्यवान आणि मंडळी’. मांडव उभा राहिला की कंत्राटदारानं दाराशी आपली पाटी टांगायची, हा या धंद्यातला रिवाज. पाटी वाचून कोणी विचारलंच की यातली मंडळी कोण, तर अप्पा स्वयंपाकघराकडे अंगठा करत. बायकोला ‘आमची मंडळी’ म्हणणाऱ्या पिढीतले ते. बायको वारली, पाटी राहिली.

अप्पांची धंदा चालवायची रीत म्हणजे आवाज. ते वखारीत ओरडले की समोर मिरची कांडणाऱ्या बायका मुसळं वरच्या वर धरून ऐकत. माणसं भीत, काम होई, आणि अप्पांना वाटे की माणसांचा आपल्यावर जीव आहे. छप्पन्नच्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि त्या प्रसिद्ध आवाजाची नुसती घरघर उरली.

कमलाकांतांनी नोकरी सोडायचा प्रश्नच नव्हता. दादरच्या शामराव मांडववाल्यांनी बांबू, कनाती, हातगाड्या सगळं एकगठ्ठा घ्यायची तयारी दाखवली होती, आणि कमलाकांतांनी मनातल्या मनात सही करून टाकली होती. मधल्या काळात ते दर रविवारी वखारीत जात. कचेरीत झालेल्या व्याख्यानांतून त्यांनी पुढाऱ्याच्या अंगचे गुण उतरवून आणले होते, ते मुकादम रघुवीर आणि त्याच्या माणसांना वाचून दाखवत. माणसं उन्हात उभी राहून ऐकत. गुण कमलाकांतांनी वाचायचे आणि बांबू त्यांनी उचलायचे, अशी वाटणी होती.

उरलेले दिवस वखारीच्या किल्ल्या सांभाळायला घरचं माणूस हवं होतं. म्हणून त्यांनी बायकोला, सुनंदाला, तिथं पाठवायचं ठरवलं. तू नुसतं बसायचं, म्हणाले.

हे ‘नुसतं बसायचं’ त्यांनी म्हणायला नको होतं. सुनंदा लग्नाआधी दादरच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होती आणि तिच्या वर्गात नुसतं बसायची कोणाची छाती नव्हती. तिला राग फार चटकन येई. त्याची खूण एकच. राग चढेल तसतसं तिचं मराठी शुद्ध होत जाई. त्या संध्याकाळी ती अप्पांच्या खाटेशी गेली आणि इतक्या शुद्ध मराठीत बोलली की कमलाकांत सुपारी कातरायची थांबले. विकायचंच असेल तर विका, पण चालत नाही म्हणून विकू नका. आधी मला चालवून बघू द्या, असा एकूण मथितार्थ.

कमलाकांत हसले. ती माणसं अप्पांच्या शिव्यांवर वाढलेली, तुझं ऐकतील? आठ दिवसांत शामरावाकडे पळतील.

अप्पांनी डावा हात वर केला. एकेक शब्द ओढून काढत त्यांनी निकाल दिला. होळीपर्यंत चालवू दे तिला. माणसं टिकली तर धंदा तिचा. गेली तर शामरावाचा.

कमलाकांतांनी मान्य केलं, कारण त्यात हरण्यासारखं काही दिसत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांचं खरं होणार असं वाटलं. सुनंदा खुर्चीवर बसून हुकूम सोडू लागली, आणि हुकूम कसे सोडतात हे तिनं एकाच माणसाकडून ऐकलेलं होतं. “आपण आता हे वासे गाडीवर चढवू,” ती म्हणाली. “मग आपण कनातींच्या घड्या मोजून घेऊ.”

धोंडू नावाचा एक उंच मालवणी गडी होता. चढून बांधायच्या कामात त्याचा हात कोणी धरला नसता, जिभेच्या कामातही नाही. त्यानं खांद्यावरचा वासा शांतपणे खाली ठेवला.

“आपण म्हंजे कोण कोण वैनीनू?” त्यानं विचारलं. “नाय, माणसा मोजूक बरी.”

वखार हसली. मिरची कांडणाऱ्या बायकाही हसल्या. सुनंदा लाल झाली आणि अत्यंत निर्दोष मराठीत पाच मिनिटं बोलली. माणसांनी ते प्रवचन मन लावून ऐकलं आणि जाताना एकमेकांना सांगितलं की आज वैनी पुस्तकातलं बोलल्या.

घरी येईपर्यंत ती धोंडूला नोकरीवरून काढत होती. ठाकूरद्वारला उतरली तेव्हा तो नोकरीवर परत होता आणि राग नवऱ्याकडे वळला होता. जेवताना कमलाकांत म्हणाले, रविवारी आपण माळा आवरून टाकू. तिनं भातावरून डोळे उचलून त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि माळा आवरताना ते एकदाही माळ्यावर चढलेले तिला आठवेनात.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक नेम केला. स्वतः हात लावणार असेल तरच ‘आपण’. नाहीतर सरळ, “रघुवीर, तुम्ही हे करा.” त्यामुळे तिला बरंच उचलावं लागलं. पदर खोचून ती कनातींचे गठ्ठे चढवू लागली, कामाच्या जागी हातगाडीमागून चालत जाऊ लागली, वर कोण निर्धास्त चढतो आणि खालून कोण नुसता हात दाखवतो हे बघू लागली. संध्याकाळी अप्पांच्या खाटेशी बसून ती दिवसाची एकेक अडचण विचारी आणि अप्पा डाव्या हाताच्या बोटांनी हवेत गाठी मारून दाखवत. उत्तर पटलं नाही तर ती भांडे. झटका आल्यापासून अप्पांशी कोणी भांडलं नव्हतं. त्यांची तब्येत जराशी सुधारली.

मग मार्गशीर्षात तिच्या हातून ती चूक झाली.

दादरच्या एका लग्नाला तिनं पांढऱ्या कनाती पाठवल्या. पांढऱ्या कनाती वखारीत वेगळ्या कोपऱ्यात असत, कारण त्या शोकसभांना जात. सुनंदानं स्वच्छ दिसल्या म्हणून त्याच काढायला सांगितल्या. मांडव उभा राहिला तेव्हा नवरीच्या आईनं दारातच बसकण मारली. सगळ्या कनाती उतरवून लाल-पिवळ्या आणेपर्यंत वऱ्हाड रस्त्यात उभं होतं, आणि वऱ्हाडाच्या तोंडाला कनात नसते.

वखारीत परत आल्यावर तिनं रघुवीरला विचारलं, या कनाती कुठल्या हे तुम्हाला माहीत होतं ना?

“होतं की.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही सांगितलंत, आम्ही नेल्या,” रघुवीर म्हणाला.

तुम्ही आणि आम्ही. धैर्यवानांच्या वखारीत सर्वनामांची वाटणी माणसांनाही तोंडपाठ होती. सुनंदाचं मराठी चढायला लागलं, पण मधेच थांबून तिनं साधा प्रश्न विचारला: एरवी तुम्ही असं काही दिसलं तर कधी सांगता?

रघुवीरनं प्रामाणिकपणे विचार केला. मांडवाची पहिली मेढ रोवून नारळ फुटला की त्यानंतर वावगं बोलायचं नाही, हा रिवाज. ‘तुटेल’, ‘पडेल’, ‘चुकलं’ असलं काही तोंडातून काढलं तर कामाला नाट लागतं.

“आणि नारळ फुटायच्या आधी?”

आधी अप्पा असायचे, रघुवीर म्हणाला. आधी बोलेल त्याच्या आईचा उद्धार व्हायचा.

म्हणजे बोलायची वेळच नाही. आधी शिव्या, नंतर नाट. एवढी वर्षं हा धंदा उभा कसा राहिला याचंच सुनंदाला नवल वाटलं, आणि नवलापाठोपाठ राग आला. अप्पांचा, रघुवीरचा, त्या नारळाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. ती म्हणाली, उद्यापासून नारळाच्या आधी प्रत्येकानं एक नाट लावायचं. काय तुटेल, काय पडेल, मी काय चुकले, जे दिसेल ते. सगळ्यांचं लावून झाल्याशिवाय नारळ फुटणार नाही.

पहिल्या दिवशी कोणी तोंड उघडेना. रघुवीर चपला बघत राहिला. शेवटी सुनंदानंच सुरुवात केली. मला अजून वासा आणि बांबू यांतला फरक लांबून कळत नाही, ती म्हणाली, पुढे बोला. मग एकानं सांगितलं की हातगाडीचं चाक अडतंय. दुसऱ्यानं सांगितलं की पहिला खोटं बोलतोय, चाक ठीक आहे, यालाच ओढायचा कंटाळा. हळूहळू त्यांना चटक लागली. महिनाभरात तो वखारीतला सगळ्यात गमतीचा वेळ झाला, आणि कामं बिनबोभाट पार पडू लागली. शामरावांनी रघुवीरला दादरला बोलावून चहा पाजला, त्यानं चहा पिऊन घेतला आणि परत आला.

एकदा धोंडूनं वखारीच्या छपराचं नाट लावलं. कौलं गळत होती ती अप्पा पडल्यापासून कोणी शाकारली नाहीत. त्यांच्याखाली काथ्याची भेंडोळी पावसाळाभर भिजली; वरून बरी दिसतात, आतून कुजली असतील. सुनंदाच्या डोक्यात त्या दिवशी दुसरं काहीतरी होतं. “बघू,” ती म्हणाली. आणि बघितलं नाही.

त्या वर्षी मुंबईत रागाला तोटा नव्हता. गोळीबारात माणसं गेली होती, मुंबई महाराष्ट्राला द्यायला दिल्ली तयार नव्हती, आणि आता निवडणूक तोंडावर आलेली. परळ-लालबागच्या चाळींतून रोज सभा. समितीची मोठी सभा परळच्या मैदानात ठरली आणि व्यासपीठाचं काम धैर्यवानांकडे आलं. समितीचे तिथले चिटणीस हेरंब प्रधान, हे शाळामास्तर, स्वतः वखारीत येऊन सांगून गेले की हजारो माणसं येणार आहेत. रघुवीरची माणसं आनंदली. हे काम त्यांच्या घरचंच होतं.

होळी जवळ आली होती. हे काम अंगावर आलं नाही म्हणजे झालं, असं सुनंदानं अप्पांना सांगितलं.

कमलाकांतांची मात्र पंचाईत झाली. विमा कचेरी नुकतीच सरकारी झाली होती. सरकारी माणसाचं आडनाव समितीच्या सभेत निळ्या पाटीवर टांगलेलं साहेबानं पाहिलं तर? त्यांनी फर्मावलं की या कामावर पाटी लावायची नाही. पण सभेला मोठमोठे लोक येणार, प्रधान मास्तर ओळखीचे, हारतुरे होणार, हेही त्यांना सोडवेना. तेव्हा नाव न लावता मान तेवढा घ्यायचा असं त्यांनी ठरवलं, आणि सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, रजा काढून सकाळीच मैदानात हजर झाले.

हातगाड्या येऊन लागल्या होत्या. प्रधान मास्तर आणि दोन-चार कार्यकर्ते उभे होते. माणसं सवयीनं अर्धगोल करून सुनंदासमोर जमली, नाट लावायला. कमलाकांतांना तो प्रकार ठाऊक नव्हता. चार मोठ्या माणसांसमोर कामाच्या सुरुवातीला तुटेल आणि पडेल अशी अभद्र भाषा ऐकू आल्यावर ते पुढे झाले, धोंडूच्या हातातला नारळ घेतला, आणि “चला, आपण शुभारंभ करू,” असं म्हणून त्यांनी तो मेढीपाशी फोडला. कार्यकर्त्यांनी घोषणा दिली.

धोंडूच्या दुसऱ्या हातात काथ्याचं भेंडोळं होतं. त्यानं ते बोटांनी चाचपलं, सुनंदाकडे पाहिलं, फुटलेल्या नारळाकडे पाहिलं, आणि उघडलेलं तोंड मिटलं. सुनंदानं हे सगळं पाहिलं. चार लोकांत नवऱ्याला अडवायचं कसं, या विचारात तिनंही तोंड मिटलं.

दुपारी व्यासपीठ उभं राहिलं. समितीची पोरं वर चढून फलक बांधू लागली. काही कळायच्या आत डावीकडचा कोपरा खाली बसला, फळ्या सरकल्या, आणि बंडू सबनीस नावाचा एक कॉलेजातला कार्यकर्ता वासे-फळ्यांसकट खाली आला. हात मोडला त्याचा. त्याला केईएमला नेलं.

मैदानात गर्दी झाली. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, हे मुद्दाम केलेलं आहे, फितुरी आहे. त्या दिवसांत हा शब्द पेटायला वेळ लागत नसे. प्रधान मास्तर पुढे आले. त्यांनी विचारलं, ही जबाबदारी कोणाची?

कमलाकांतांनी घसा साफ केला. आमची पेढी तीस वर्षांची आहे, ते म्हणाले, आमच्या कामात असं कधी झालेलं नाही. मग ते माणसांकडे वळले. “तुम्ही लोकांनी हलगर्जीपणा केलात. डावा कोपरा कोणी बांधला? धोंडू, तूच ना? उद्यापासून तू येऊ नकोस. मास्तर, मी या माणसाला आत्ता काढून टाकतो.”

गर्दी धोंडूकडे वळली. त्यानं फक्त हातातला काथ्या जमिनीवर ठेवला, खांद्यावरचा पंचा झटकला आणि निघायला वळला. त्याच्यामागे रघुवीरनं मुंडासं सोडलं. मग एकेक करून सगळ्यांनी.

सुनंदाला दिसलं की होळीची वाट बघायची गरज नाही. आत्ताच, या मैदानात, धंदा शामरावाकडे चालत निघाला आहे.

तिच्या कानशिलात राग ठणकत होता. बोलली तेव्हा मात्र मराठी शुद्ध नव्हतं, साधं, घरातलं होतं.

“मास्तर, कोणाला काढू नका. आम्ही चुकलो.”

कमलाकांत म्हणाले, सुनंदा, तू मध्ये पडू नकोस.

“काथ्या कुजका आहे हे यानं मला महिन्यापूर्वी सांगितलं होतं,” तिनं प्रधानांना सांगितलं. “मी बघते म्हणाले आणि बघितला नाही. सकाळी हा पुन्हा सांगणार होता, तेवढ्यात नारळ फुटला. मी गप्प बसले, म्हणून हाही गप्प बसला. आम्ही चुकलो म्हणजे आम्ही सगळे, आणि पहिली मी. त्या मुलाच्या हाताचं जे काही लागेल ते आमच्याकडे. उद्या सभेच्या आधी व्यासपीठ उभं असेल. त्यावर आधी आम्ही सगळे चढून उभे राहू, मग तुमची माणसं चढू देत.”

गर्दीतला तो फितुरीवाला आवाज बंद झाला. कबूल करणाऱ्या माणसाला फितूर म्हणता येत नाही, ही गर्दीची मोठी अडचण असते.

मग ती नवऱ्याकडे वळली. “अहो,” ती म्हणाली, “तुम्ही घरी जा.”

एवढंच. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं त्यांच्याशी आज्ञार्थी क्रियापद वापरलं होतं. व्याकरणाचा अभ्यास असल्यामुळे कमलाकांतांना ते लगेच ओळखू आलं. ते गेले.

माणसं थांबली होती, पण परत आली नव्हती. रघुवीर मुंडासं हातात घेऊन उभा. सुनंदा त्यांच्यासमोर गेली आणि म्हणाली, नारळ फुटलेला आहे, नाट लागायचं ते लागून झालं. आता लावा, सगळं लावा, मोठ्यानं लावा.

आणि त्यांनी लावलं. तीस वर्षांचं साठलेलं असावं. रघुवीर म्हणाला, छपराचं एकदाच सांगितलं नव्हतं, त्याआधी अप्पांना दोनदा सांगितलं होतं. कोणी म्हणालं, रविवारी ते इंग्रजी गुण ऐकत उन्हात उभं राहून माणसाला चक्कर आली होती, तरी वाचन थांबलं नाही. धोंडूची पाळी शेवटी आली.

“माका म्हायत होता,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात विनोद अजिबात नव्हता. “हातात घेतल्याबरोबर कळला. पण नारळ फुटल्यार कसा बोलतलंय? तुमी माझ्याकडे बघलास वैनीनू. तुमकाय कळला होता. तुमी एक शब्द टाकलो असतास तर त्या झिलाचो हात मोडलो नसतो.”

सुनंदानं मान खाली घातली नाही. त्याचं म्हणणं खरं होतं, तेव्हा ते समोरून ऐकून घेणं भाग होतं. ऐकताना तिला रागही येत होता, कारण खरं ऐकून राग येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी धंदा केलेला नसतो. तिनं तो राग गिळला नाही, पण त्यांच्यावर काढलाही नाही. “खरं आहे,” ती म्हणाली. “आता काथ्या कुठे मिळेल ते सांगा.”

शिवडीला, रघुवीर म्हणाला. बंदरावर राधाबाई म्हणून आहेत, मलबारातून येणारा काथ्या त्यांच्या गोदामात उतरतो. सुनंदा आणि रघुवीर हातगाडी घेऊन शिवडीला गेले. राधाबाईंनी भेंडोळी पुढे टाकली तेव्हा सुनंदानं प्रत्येकाचं मधलं सूत उपसून ओढून पाहिलं. राधाबाई म्हणाल्या, अप्पा असे बघत नसत हो. “म्हणूनच,” सुनंदा म्हणाली.

रविवारी सकाळी डाव्याच नव्हे, सगळ्या कोपऱ्यांची बांधणी सोडून नव्यानं केली. सुनंदा खालून दोर ताणत होती आणि धोंडू वर गाठी मारत होता. तळहात सोलले होते तिचे. दुपारी दहा-बारा माणसं आणि एक बाई त्या व्यासपीठावर चढून उभी राहिली आणि त्यांनी पाय आपटले. मैदानात आधीच येऊन बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं सभा सुरू झाली.

प्रधान मास्तरांनी समाधानानं मान हलवली. तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं. धोंडू पुढच्या खांबाला, सगळ्या मैदानाला दिसेल अशी, ती निळी पाटी बांधत होता.

“काल तर लावायची नाही म्हणत होतात,” मास्तर म्हणाले. “आणि आज, एवढं होऊन?”

“काल पडलं ते कोणाचं, हे लोकांना कळायला नको?” सुनंदा म्हणाली. “आणि आज पडलं तर शिव्या कोणाला द्यायच्या?”

ते पडलं नाही. सभा झाली, घोषणांनी मैदान दणाणलं, आणि पाटी वाचणाऱ्यांनी ती वाचली.

सोमवारी सकाळी रघुवीर आणि धोंडू ठाकूरद्वारला घरी आले. अप्पांनीच निरोप धाडला होता. अप्पा उशीला टेकून बसले होते, कमलाकांत कचेरीचे कपडे घालून खिडकीशी उभे होते. त्यांनी दोन दिवस बायकोशी बोलणं टाकलं होतं आणि बायकोच्या ते अजून ध्यानात आलं नव्हतं.

अप्पांनी सगळं ऐकलं होतं, तरी विचारलं, “कोण… चुकलं?”

“आम्ही,” सुनंदा म्हणाली.

अप्पांच्या घशात घरघर झाली आणि तिच्यातून एक शब्द अगदी स्वच्छ बाहेर पडला. झटक्यानंतरचा न अडखळलेला पहिला शब्द. तो इथं लिहिता येणार नाही. आईशी संबंधित होता. रघुवीरच्या डोळ्यांत पाणी आलं, जुना मालक भेटल्यासारखं.

मग अप्पांनी डाव्या हातानं दोघांकडे बोट केलं. राहणार, का शामराव?

रघुवीरनं धोंडूकडे पाहिलं. धोंडूनं घाई केली नाही. बशीतला चहा संपवला, बशी पालथी घातली.

“शामरावाकडे खय जातलंव,” तो म्हणाला. “परवा माहीमाक लगीन आसा. आपल्याक मांडव घालूचो आसा.” मग सुनंदाकडे वळून, कोरड्या आवाजात: “आणि वैनीनू, छपराचा काय ता बघा. ह्या नाट मी परत लावतंय.”

“आज दुपारी कौलं शाकारणारा येतोय,” ती म्हणाली.

अप्पांनी उशीखालून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि सुनेच्या सोललेल्या तळहातावर ठेवला. निकाल झाला होता.

खिडकीशी उभ्या असलेल्या कमलाकांतांनी टाय सरळ केला. आडनाव पाटीवर दिसल्यामुळे काही आभाळ कोसळलं नव्हतं. उलट काल संध्याकाळी कचेरीतल्या दोघांनी रस्त्यात थांबवून कौतुकच केलं होतं. त्यांचा मूड हळूहळू परतत होता. त्यांनी खोलीभर एक प्रसन्न नजर फिरवली.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “झालं गेलं सोडा. आता आपण हा धंदा नीट वाढवू.”

सुनंदा दारात थांबली. तिच्या पायात चपला होत्या, कमरेला किल्ल्या होत्या, आणि माहीमच्या लग्नाच्या कनाती, लाल-पिवळ्या, अजून काढायच्या होत्या.

“आपण म्हणजे कोण?” तिनं विचारलं.

धोंडू खोकला. अप्पांच्या तोंडाची डावी बाजू हसली. कमलाकांतांच्या ओठांशी तिन्ही सर्वनामं एकामागून एक आली आणि परत गेली.

सुनंदा हसली नाही. ती तशीच उभी राहिली. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.